अजब गाणी, गाळलेली नावं

आठवड्यातून एकदा तरी मोबाइलवर अशी चित्रफीत येतेच. उघड्या माळावर एक माणूस उभा आहे, गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढतोय, खाली घोगरा खर्ज आणि वर शीळ. लांबी तीस सेकंद. खाली मजकूर: ‘हे ऐकाच! विश्वास बसणार नाही!’ आणि त्यापुढे डोळे फाडलेले चार चेहरे. त्या माणसाचं नाव नाही, गाव नाही, ध्वनिमुद्रण मुळात कुणी केलं तेही नाही. आपण ऐकतो, आणखी तीन गटांवर ढकलतो आणि मोकळे होतो.

जगाच्या कानाकोपऱ्यातलं चमत्कारिक संगीत एकमेकांना ऐकवावं की नाही, हा प्रश्नच नाही. ऐकवावंच. प्रश्न आहे तो कसं ऐकवावं हा, आणि त्यावर आमचं म्हणणं थोडं कडक आहे. कोण गातंय, कुठलं आहे आणि आवाज निघतो कसा, या तीन गोष्टी सोबत द्यायची तयारी नसेल तर ते पुढे पाठवू नये. यात सोवळंओवळं काही नाही. या तीन गोष्टी गाळल्या की नुकसान कुणाचं आणि किती होतं, याचे पुरावे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भरपूर जमले आहेत.

आधी एक फरक करून घेतलेला बरा. काही संगीत अजब वाटावं म्हणूनच केलेलं असतं. व्हिएन्नात 1998 पासून भाज्यांचा वाद्यवृंद आहे. कार्यक्रमाच्या दिवशी बाजारातून ताज्या भाज्या आणायच्या, गाजराला लांबीत गिरमिटाने भोक पाडून बासरी करायची, भोपळ्याचा ढोल करायचा, आणि कार्यक्रम संपला की प्रेक्षकांना भाजीचं सूप द्यायचं. वाद्यं रोज नवी करावी लागतात, कारण कापलेलं गाजर वाळायला लागलं की त्याचा सूर हलतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लुरे गुहांमध्ये लीलंड स्प्रिंकल या गृहस्थांनी 1956 साली साडेतीन एकरांत पसरलेल्या 37 लवणस्तंभांना रबरी हातोड्या बसवून ऑर्गन तयार केला. दगड घासून घासून सुरात आणले. जर्मनीत हाल्बरश्टाट इथल्या चर्चमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची एक ऑर्गनरचना 2001 साली सुरू झाली, ती 2640 साली संपायची आहे. सुरुवातीलाच विराम असल्यामुळे पहिला सूर ऐकू यायला 2003 साल उजाडलं, आणि 5 फेब्रुवारी 2024 रोजी स्वर बदलला तेव्हा तो ऐकायला माणसं जमली होती. या मंडळींना आपण विक्षिप्त म्हटलं तर ती खूशच होतील. त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

दुसरा प्रकार वेगळा. ते संगीत गाणाऱ्याला, त्याच्या गावाला, त्याच्या आजोबांना अगदी रोजचं असतं. अजब वाटतं ते फक्त आपल्याला. गडबड होते ती इथे. दोन्ही प्रकार ‘जगातलं विचित्र संगीत’ या एकाच पाटीखाली येतात आणि त्या चित्रफितीतला सैबेरियाचा मेंढपाळ गाजराच्या बासरीशेजारी जाऊन बसतो.

त्या मेंढपाळाकडे जरा नीट पाहू, कारण मराठी कानाला त्याच्यात विचित्र वाटावं असं फार कमी आहे. तो बहुधा तुवाचा असतो. रशियन संघराज्यातलं, मंगोलियाच्या सीमेला लागून असलेलं हे प्रजासत्ताक; राजधानी किझिल. गाण्याच्या या पद्धतीला खूमेई म्हणतात. तिचे बरेच प्रकार आहेत. त्यातला शिट्टीसारखा वाजतो तो सिगित आणि खर्जात घुमतो तो कार्गिरा. दोन गळे वगैरे काही नाही. कुठलाही आवाज एकेरी नसतोच. 150 हर्ट्झचा सूर लावला की त्याच्या पोटात 300, 450, 600 असे पटीतले स्वर आपोआप असतात, म्हणजेच त्या सुराचे उपस्वर. एरवी ते वेगळे ऐकू येत नाहीत, एकजीव होऊन जातात. सिगितमध्ये गायक जिभेच्या कडा वरच्या हिरडीला चिकटवतो, मागच्या दाढेपाशी बारीकशी फट ठेवतो आणि जिभेमागची पोकळी लहानमोठी करतो. त्या पोकळीचा नाद ज्या उपस्वराशी जुळेल तेवढाच उपस्वर मोठा होतो. कार्गिरात खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही हलायला लागतात, त्या निम्म्या वेगाने, म्हणून सूर एक सप्तक खाली उतरल्यासारखा वाटतो.

आता आकडे पाहा. तुवाचे गायक बहुतेक सहावा, आठवा, नववा, दहावा आणि बारावा उपस्वर वापरतात. आठव्याला षड्ज धरला तर नववा शुद्ध रिषभ, दहावा शुद्ध गांधार, बारावा पंचम, आणि सहावा म्हणजे खालचा पंचम. सा रे ग प. धैवताच्या जागी कधी तेरावा येतो. तो कोमल आणि शुद्ध धैवताच्या मधेच कुठेतरी लटकतो, म्हणून भूप ऐकता ऐकता कुणीतरी धैवत बिघडवल्यासारखं वाटतं. सातवा आणि अकरावा मात्र ते टाळतात. सातवा म्हणजे बराच उतरलेला कोमल निषाद आणि अकरावा शुद्ध व तीव्र मध्यमाच्या मधला, दोन्ही त्यांच्या चालीत बसत नाहीत. म्हणजे गायक मनाला येईल ती शीळ घालत नाही. निसर्गाने दिलेल्या शिडीच्या कुठल्या पायऱ्यांवर पाय ठेवायचा आणि कुठल्या गाळायच्या, हे त्याच्या परंपरेने ठरवलेलं असतं.

हे ज्याला ‘विश्वास बसणार नाही’ असं वाटतं त्याने तंबोऱ्यापाशी बसून ऐकावं. खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. स्वयंभू गांधार म्हणतात तो हाच, खर्जाचा पाचवा उपस्वर. तो वर यावा म्हणूनच मिरजेचे कारागीर घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला, जवारी काढतात, तिचा माथा घासून नाद खुलवतात, आणि तारेखाली दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे गेला तर नाद बसतो, मागे राहिला तर तार नुसती झणझणते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तुवाच्या गायकाने तोंडाच्या पोकळीत जे साधलं तेच आपल्याकडे घोडी आणि दोऱ्याने साधलं जातं. एवढं एक वाक्य सोबत पाठवलं असतं, तरी ऐकणाऱ्याने हसण्याऐवजी कान टवकारून पुन्हा ऐकलं असतं.

करूनही पाहता येतं. आपल्या पट्टीपेक्षा खालचा, आरामात टिकेल असा एक सूर धरायचा. ओठांचा चंबू करून ‘ऊ’ म्हणायचं आणि सूर न हलवता अगदी सावकाश, दहा-बारा सेकंद घेऊन, ‘ई’कडे जायचं. फरशा लावलेल्या न्हाणीघरात हे केलं तर वर एक बारीक शीळ चढताना ऐकू येते. बहुतेकांचं चुकतं ते दोन ठिकाणी. एक, घाई होते, त्यामुळे उपस्वर एकमेकांत मिसळतात. दुसरं, शीळ चढवायची म्हणून खालचा सूरच नकळत चढतो. गळा आवळून तर काहीच होत नाही, घसा तेवढा बसतो. सिगितची धारदार शीळ यायला वर्षं लागतात, पण कान उघडायला एवढं पुरे.

नाव गाळल्याने काय होतं, याचं एक उदाहरण याच गाण्याचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे अंध ब्लूज गायक पॉल पेना यांनी 1984 साली लघुलहरींवर रेडिओ मॉस्को लावलेला असताना हा आवाज ऐकला. हा प्रकार काय आणि कुठला, याचा छडा लागायला त्यांना जवळजवळ सात वर्षं लागली. शेवटी दुकानात तुवाच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण हाती आलं, त्यावरून ते स्वतः गायला शिकले आणि 1995 साली किझिलच्या स्पर्धेत कार्गिरा गाऊन जिंकलेही. एका नावाने ही सात वर्षं वाचली असती. पेना चिकाटीचे होते म्हणून ठीक. बाकीचे श्रोते दुसऱ्या दिवशी विसरतात.

चुकीचं नाव तर त्याहून वाईट. तुवाच्या गायकांच्या चित्रफिती ‘मंगोलियन’ म्हणून फिरतात. मंगोलियात ही परंपरा आहेच, पण तिथे हा विषय नाजूक आहे. युनेस्कोच्या वारसायादीत 2009 साली चीनने खूमेईची नोंद करून घेतली, त्यावर मंगोलियात नाराजी उसळली आणि 2010 साली मंगोलियाने स्वतंत्र नोंद केली. आपल्याला पाटी वाटते, तिथल्या माणसाला तो सातबारा असतो.

आवाजाच्या ‘खराबी’बद्दलही असंच. काँगोच्या किन्शासात मावांगू मिंगिएदी यांनी कोनोनो नंबर वन हा ताफा उभा केला. लिकेम्बे म्हणजे लाकडी पेटीवर लोखंडी पट्ट्या बसवलेलं, अंगठ्यांनी छेडायचं वाद्य. शहराच्या गोंगाटात ते ऐकू जाईना, म्हणून जुन्या मोटारींच्या सुट्या भागांतले लोहचुंबक काढून पिकअप, म्हणजे पट्टीचा कंप विजेत उतरवणारे तुकडे, बनवले, भंगारातून अॅम्प्लिफायर उभे केले, बोलायला जुने भोंगे लावले. त्यातून आवाज फाटला. मग तो फाटका आवाजच ताफ्याची ओळख झाला. 2004 साली त्यांचा आल्बम बेल्जियमच्या कंपनीने काढला तेव्हा युरोपातल्या लोकांना वाटलं, हे तर आमच्या प्रयोगशील टेक्नोसारखं. पण कर्कर ही आफ्रिकेतल्या या घराण्यातल्या वाद्यांना नवी नाही. झिम्बाब्वेच्या एंबिरावर शंख-शिंपले नाहीतर बाटल्यांची बुचं मुद्दाम बसवतात, सुराला किंचित घरघर यावी म्हणून. तिथे ती नसेल तर वाद्य अपुरं वाटतं. जवारीशिवायची सतार आपल्याला वाटते, तशीच.

किन्शासाची ही गोष्ट मुंबईकराने तर नवलाने ऐकूच नये. गणपतीच्या आणि गोविंदाच्या मिरवणुकीत जी बेंजो पार्टी वाजते, त्यातला बेंजो काय आहे? जपानच्या नागोयात 1912 साली गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताइशोगोतो केला. तोच आपल्याकडे बुलबुलतरंग झाला, आणि ढोल-ताशांच्या गदारोळात ऐकू जावा म्हणून त्याला पिकअप लागला, अॅम्प्लिफायर लागला, टेंपोवर कर्णे चढले. बलुचिस्तानात तोच मोठा होऊन बेंजू झाला. लालबागच्या एखाद्या पोराने बेंजोवर कोळीगीत वाजवतानाची चित्रफीत परदेशात ‘टाइपरायटर गिटार, भारतीय काय करतील नेम नाही’ अशा मजकुराखाली फिरली तर आपल्याला चीड येईल. त्या पोराचं नाव कुठाय, मंडळ कुठलं, असं आपण विचारू. मग किन्शासाच्या माणसाने विचारलं तर?

आता पैशाकडे आणि हक्काकडे येऊ. हा भाग पुष्कळ लोक ‘लोकगीत कुणाच्या मालकीचं नसतं’ या वाक्याने उडवून लावतात. सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावर बाएगू समाजातल्या अफुनाक्वा या बाईंनी एक अंगाई गायली. 1970 च्या सुमारास संगीत-अभ्यासक ह्यूगो झेंप यांनी ती ध्वनिमुद्रित केली आणि युनेस्कोच्या मालिकेत ती तबकडीवर आली. मोठं भावंड धाकट्याला सांगतंय, रडू नको, बाप आता गेला, असं ते गाणं. 1992 साली डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने तो आवाज उचलून त्याखाली नाचाचा ठेका घातला. आल्बमची हवा सगळी मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या पिग्मी लोकांची. तबकडी जगभर तुफान खपली, जाहिरातींत वाजली. अफुनाक्वाबाईंचं नाव त्यात नव्हतं, झेंप यांनी पुढे लेख लिहून जाहीर आक्षेप घेतला. सगळ्यात बोलकी गोष्ट पुढेच आहे. 1996 साली नॉर्वेचे नामांकित सॅक्सोफोनवादक यान गारबारेक यांनी तीच चाल वाजवली आणि रचनेला नाव दिलं ‘पिग्मी लोरी’ अशा अर्थाचं. प्रशांत महासागरातलं गाणं चार वर्षांत आफ्रिकेचं झालं, आणि तेही एका जाणत्या वादकाच्या हातून. गारबारेक यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. त्यांच्यापर्यंत पाटीच चुकीची पोचली.

तैवानच्या आमीस समाजातल्या दिफांग या वृद्ध गायकाचं असंच. 1988 साली फ्रान्समधल्या कार्यक्रमात त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, एनिग्मा या जर्मन संगीतप्रकल्पाने ते आपल्या गाण्यात वापरलं, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रसिद्धीत ते वाजलं. दिफांग न्यायालयात गेले तेव्हा कुठे 1999 साली तडजोड झाली आणि श्रेय मिळालं. चाल परंपरेची असेल, गळा त्यांचाच होता. एका माणसाने एका दिवशी केलेलं गायन ‘कुणाचंच नाही’ असं कसं म्हणता येईल?

आपला कायदाही हेच सांगतो. कॉपीराइट कायद्यात 2012 साली जी दुरुस्ती झाली तिच्यातल्या कलम 38 ब प्रमाणे कलावंताला आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडलेलं असण्याचा नैतिक हक्क आहे. पैशाचे हक्क विकले तरी तो उरतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो. गटावर तीस सेकंद पाठवणाऱ्यावर कुणी खटला भरणार नाही, हे खरं. पण नाव देणं ही मेहेरबानी नव्हे, एवढं तरी या कलमावरून कळावं.

याला विरोध करणारे एक मुद्दा वजनदार मांडतात. असल्या अटी घातल्या तर कुणी काही पाठवणारच नाही; आणि बिनपरवाना वाटप झालं म्हणूनच पुष्कळ संगीत वाचलं. हे खोटं नाही. अमेरिकेच्या ब्रायन शिमकोवित्झ यांनी घानातल्या बाजारांतून घेतलेल्या कॅसेटी 2006 पासून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, कुणालाही न विचारता. त्यातली पहिली कॅसेट ‘आता काक’ नावाच्या गायकाची, 1994 सालची. ती इतकी थोडी निघाली होती की घानातही कुणाच्या कानी फारशी पडली नव्हती. पुढे इथिओपियाच्या हायलू मर्जिया यांची कॅसेट सापडली. मर्जिया तेव्हा वॉशिंग्टनच्या विमानतळावर टॅक्सी चालवत होते. 2013 साली त्यांचा आल्बम पुन्हा निघाला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर ते परत रंगमंचावर आले. 

पण यात काम कशाने झालं ते बघा. कॅसेटच्या वेष्टनावर नाव होतं. शिमकोवित्झ त्या नावामागे वर्षानुवर्षं लागले, ‘आता काक’ यांचा पत्ता लागेपर्यंत थांबले, करार केला आणि नफ्यात निम्मा वाटा ठेवला. नाव नसतं तर ती कॅसेट एक गमतीदार आवाज म्हणून फिरत राहिली असती आणि टॅक्सी टॅक्सीच राहिली असती.

मुंबईचंही एक उदाहरण आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवले. भैरव, ललित, भूपाली, तोडी असे. वाद्यं तीन: रोलँडचा ज्युपिटर-8, ठेक्याला टीआर-808 आणि बेससाठी टीबी-303. तबकडी खपली नाही. 2002 साली एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली, 2010 साली पुन्हा निघाली, आणि मग मथळे झळकले की अॅसिड हाउस, म्हणजे शिकागोचं ते यंत्रांवरचं नाचाचं संगीत, मुंबईत जन्मलं! शिकागोत त्या धाटणीची पहिली तबकडी मानतात ती 1987 ची, म्हणजे तारखेने सिंग पाच वर्षं आधी. काहींना तर ही बनावट वाटली, कुणीतरी आज बनवून 1982 ची म्हणून खपवतंय असं. आपल्याकडे मात्र अभिमानाने छाती फुगवून ते मथळे फिरले.

दोन्ही बाजूंना कारण सांगायचा कंटाळा. शिकागोच्या पोरांनी सिंग यांची तबकडी ऐकली असल्याचा काही पुरावा नाही; दोघांकडे एकच यंत्र होतं, एवढंच. 303 हे गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं. त्यात सोळा पायऱ्यांची स्वरमाला भरायची आणि हवं तिथे ‘स्लाइड’ लावायची, म्हणजे एक स्वर दुसऱ्यात घसरत जातो. शिकागोत लोकांनी त्याचा फिल्टर पिळून किंचाळ्या काढल्या. सिंग यांना त्या घसरणीत मींड दिसली. रागाचे नेमके स्वर भरले की यंत्र त्याबाहेर जात नाही, खाली तंबोऱ्यासारखा आधार अखंड राहतो. रागाला याहून सोयीचं सिंथेसायझर तेव्हा नव्हतं. ‘आम्हीच शोध लावला’पेक्षा हे सांगण्यात जास्त गंमत आहे, आणि हे खरंही आहे. चरणजित सिंग 2015 साली मुंबईत वारले. शेवटची काही वर्षं तरी युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले.

आता नाव शोधायचं कसं, ते पाहू. तीस सेकंदांचा तुकडा हातात आला की पहिलं काम, त्याहून लांब आणि त्याहून जुनी प्रत शोधायची. चित्रफितीतलं एक स्थिर चित्र काढून प्रतिमाशोधात टाकलं की बहुतेक वेळा मूळ सापडतं. सापडलेल्यांपैकी सर्वांत जुन्या तारखेची प्रत बघायची, कारण नाव बहुधा तिथेच असतं आणि पुढच्या प्रत्येक नकलेत गळत जातं. कोपऱ्यात कापलेलं बोधचिन्ह, मागच्या भिंतीवरची लिपी, मोटारीची नंबरपाटी यांवरून देश कळतो. तबकडीचं चित्र असेल तर मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक बघावा. कागदी लेबल फाटलं तरी तो राहतो. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी 1990 पासून असल्याच क्रमांकांवरून किती गायक-गायिकांची ओळख पटवली आहे. 1902 साली कोलकात्यात गौहरजान गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायच्या, कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिराला लेबल कुठलं लावायचं ते कळायला हवं. शंभर वर्षांनी लेबलं गेली, तरी ते पुकारलेलं नाव राहिलं.

वेग तपासणं लोक विसरतात. मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी 45 वर वाजवली तर वेग 1.35 पट होतो आणि सूर पाच अर्धस्वरांहून जरा अधिक चढतो. पांढरी एकची बाई पांढरी चारच्याही वर गेलेली ऐकू येते. ‘आफ्रिकेतला पोरकट आवाजाचा गायक’ म्हणून फिरणारी गोष्ट कधी कधी निव्वळ चुकीच्या वेगाची असते. जुन्या ध्वनिमुद्रणात विजेची गुणगुण बारीक ऐकू येते. ती भारत, युरोप, आफ्रिकेत 50 हर्ट्झची आणि अमेरिकेत 60 ची. स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती 67 च्या आसपास दिसली तर 50 हर्ट्झच्या देशातली 33 ची तबकडी 45 वर वाजली, असं समजावं.

पाठवतानाही वाट लागते. एका फोनवर वाजवून दुसऱ्याने ध्वनिमुद्रित केलं, की फोन स्थिर सूर म्हणजे गोंगाट समजून दाबून टाकतो. ऑनलाइन शिकवणीत तंबोरा गायब होतो तो याच कारणाने, आणि खूमेईचा खर्जही तसाच नाहीसा होतो. उरते ती नुसती शीळ, म्हणजे गाण्याचा आधारच गेला. फोनच्या इवल्या कर्ण्यातून कार्गिराचा मंद्र असाही येत नाही. म्हणून मूळ दुवा पाठवावा, फाइलच पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, आणि ‘हेडफोन लावा’ एवढं लिहावं. मूळ दुव्याचा आणखी एक फायदा आहे. ऐकलेल्याचा हिशेब गाणाऱ्याच्या खात्यात जातो. आवडलंच तर बँडकँप या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर विकत घ्यावं. तिथे डिजिटल विक्रीवर कंपनी साधारण 15 टक्के ठेवते, बाकीचं बहुतेक सगळं कलावंताला किंवा त्याच्या लेबलला.

वाद्याचं नाव माहीत नसेल तर वर्णन करावं, आणि त्यासाठी लागणारी चौकट आपल्याकडे नाट्यशास्त्रापासून आहे. तार हलते ते तत, हवा हलते ते सुषिर, कातडं हलतं ते अवनद्ध, अंगच हलतं ते घन. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात 1880 साली तिथले प्रमुख माहियों यांनी वाद्यांची वर्गवारी केली ती बंगालचे संगीतज्ञ सौरींद्रमोहन टागोर यांनी पाठवलेल्या भारतीय वाद्यांच्या निमित्ताने, याच चार कप्प्यांच्या धर्तीवर, आणि तीच पुढे 1914 साली हॉर्नबोस्टेल-झाक्स यांच्या पद्धतीत शिरली. आज जगभरची संग्रहालयं ती वापरतात. त्यातही भांडणं आहेत. एका बाजूला कातडं आणि त्यातून निघालेली तार, असं आपल्या जोगत्यांचं चौंडकं तत की अवनद्ध, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. ‘विचित्र वाद्य’ म्हणण्याऐवजी ‘लाकडी पेटीवर आठ-दहा लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी छेडलेल्या, पट्टीला बूच, घन’ असं लिहिलं तर जाणकाराला पाच मिनिटांत नाव सांगता येतं.

आणि एवढं करूनही नाव मिळालं नाही, तर अंदाज ठोकू नये. ‘बहुधा आफ्रिकन’ या दोन शब्दांतूनच पिग्मी लोरी निघाली. मजकूर साधा ठेवावा: ‘गायिका: नाव मिळालं नाही. ठिकाण: नक्की नाही, मागच्या फलकावरची लिपी इथिओपियाची वाटते. सर्वांत जुनी प्रत 2011 ची, दुवा खाली. वाद्य तत, एक तार, घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवलेलं. ओळखत असाल तर सांगा, मजकूर दुरुस्त करून पुन्हा पाठवतो.’